दहापैकी दहा

ओर्शोवा, १२ ऑक्टोबर १९८६
(तुदोसेच्या हाती)

लिओन्तिना,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. आगगाडीवरचा तुदोसे गार्ड तुझ्या समोर बसून चहा पीत असेल, त्याच्या देखतच घाल म्हणजे तोही निश्चिंत होईल. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होतोय. त्यानंतर आपली पत्रं टपालानेच जाणार, आणि टपाल तुझ्याआधी कोण वाचतं ते तुला मी सांगायला नको.

तुझ्या रेमुसचं ठरलंच आहे ना? पासपोर्टचा अर्ज केला म्हणून इंजिनियर पोराला खोकी उचलायला लावलं, तेव्हाच मला कळलं होतं की हा आता थांबायचा नाही. मी नको म्हणून पाहिलं. पण त्याला नदी ओलांडायचीच असेल तर माझ्या खिडकीचा उपयोग होऊ दे. चौथ्या मजल्यावरून मला गस्तीची बोट येता-जाता दिसते. पलीकडच्या काठावर सर्बियातल्या गाईसुद्धा दिसतात. माझं कमरेचं दुखणं मला खाली उतरू देत नाही, तेव्हा खिडकी आणि टीव्ही एवढाच माझा संसार. टीव्हीवर बेलग्रेड लागतं. तिथले जुने सिनेमे आणि मालिका मी बघते, ते तुला ठाऊकच आहे.

तर असं करू. मी तुला बघितलेल्या सिनेमांबद्दल लिहीन आणि शाळेत द्यायचे तसे दहापैकी गुण देईन. नवापर्यंतचे सगळे गुण खरेखुरे, त्या त्या सिनेमाचे. त्याचा नदीशी काही संबंध नाही. ज्या दिवशी बोटी कमी आणि धुकं दाट होईल, त्या दिवशी मी दहा देईन. दहा आले की रेमुसने आठवड्याभरात निघायचं. जागा तुदोसे तोंडी सांगेल. माझ्या घरी मात्र त्याने पाऊल टाकायचं नाही, इथे आल्या-गेल्याची नोंद होते.

चुकून दहा जातील ही भीती बाळगू नकोस. एकतीस वर्षं शिकवलं, कोणाला दहा दिले नाहीत. दहा देवाला, नऊ मास्तराला, आठ पोराला. तुलाही भूगोलात सातच दिले होते, ते अजून विसरली नाहीस.

तुझी ताई,
दोम्निका


पियात्रा न्यामत्स, २३ नोव्हेंबर १९८६

प्रिय ताई,

तुझा निरोप पोचला. तुदोसेने चहाबरोबर माझा आलुबुखाराचा मुरंबा अर्धी बरणी संपवला.

आमच्याकडे सगळं उत्तम. टीव्ही रोज दोन तास असतो आणि तो फार शिकण्यासारखा असतो. तुझ्याइतके सिनेमे आम्हाला कुठले! तू लिहीत जा. रेमुस म्हणतो, मावशीची पत्रं म्हणजे आमचं थिएटर. तो मोठ्याने वाचतो आणि मी विणते. त्याच्यासाठी निळा स्वेटर घातलाय सुयांवर. लोकर उसवलेली आहे, पण रंग अजून टिकून आहे.

सातच दिले होतेस, आणि तेही डॅन्यूबला मिळणाऱ्या नद्या एकीशिवाय सगळ्या लिहूनसुद्धा.

तुझी
लिओन्तिना


ओर्शोवा, १८ जानेवारी १९८७

लिओन्तिना,

ज्या नदीचं नाव विसरलीस तिच्यासाठीच कापले होते.

थंडी इतकी आहे की मी कोट घालून, टोपी घालून टीव्हीसमोर बसते. जणू मीच थिएटरात उशिरा आलेय. औषधवाल्याच्या कुटुंबाची ती मालिका, तिचा सातवा भाग झाला. आई वारते. बरं, वारू दे, पण थोरली मुलगी रडायला बसते तेव्हा केसांची एक बट हललेली नाही. आई गेल्यावर माणूस आरसा बघतो का गं? आपली आई गेली तेव्हा तू एका पायात माझा आणि एका पायात बाबांचा बूट घालून स्मशानात आली होतीस. तसं काहीतरी दाखवायला हवं होतं. पाच गुण. धाकटा भाऊ कपाट उघडून तिच्या कपड्यांचा वास घेतो, त्याचा एक गुण वाढवून सहा.

गेल्या आठवड्यात एक जुना इटालियन सिनेमा होता, गाण्यांचा. चार. नायकाला गाता येतं, त्याला उभं राहता येत नाही.

सर्बियन भाषा आता मला इतकी येते की कधी स्वप्नंही सर्बियनमध्ये पडतात. स्वप्नांनाही मी गुण देते. फारसे मिळत नाहीत.

दोम्निका


पियात्रा न्यामत्स, ५ एप्रिल १९८७

प्रिय ताई,

सहा, चार, पाच, सात. रेमुस म्हणतो, मावशी जरा हात सैल सोडेल तर काय बिघडेल? मी त्याला म्हटलं, तिने मला सोडलं नाही तिथे तुझ्या सिनेमावाल्यांचं काय! तो हसला, पण मग जेवला नाही.

तो दिवसभर काम करतो आणि घरी आला की तुझी पत्रं परत परत वाचतो. औषधवाल्याच्या घरातली सगळी माणसं त्याला आता शेजारी असल्यासारखी वाटतात. धाकट्या भावाचं पुढे काय झालं ते विचारतोय. स्वेटर झाला. बाह्या थोड्या लांब झाल्यात.

तुझी
लिओन्तिना


ओर्शोवा, १४ जून १९८७

लिओन्तिना,

धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला लागला. मालिकेत ज्याचं काय करावं ते सुचत नाही त्याला जहाजावर पाठवतात. पाच.

पण आज तुला एक मजेचा सिनेमा सांगते. जुना, चेकोस्लोव्हाकियाचा. एका गावात एक टपालवाला आहे, तो सगळ्यांची पत्रं किटलीच्या वाफेवर धरून उघडतो, वाचतो आणि पुन्हा चिकटवतो. वाचून वाचून त्याला गावातल्या लोकांचा इतका लळा लागतो की तो पत्रांतल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करायला लागतो. मग कोणाच्या आईला बरं नसलं तर पत्र पोचायच्या आत हाच सूप घेऊन जातो. मी इतकी हसले की कंबर धरली. नऊ गुण! एवढे मी कोणाला देत नाही हे तुला ठाऊक आहे. एक गुण कापला तो एवढ्यासाठी की सिनेमातला टपालवाला पाकीट नीट चिकटवतो. खऱ्या आयुष्यात एवढी टापटीप मी पाहिलेली नाही. डिंक बाहेर आलेला असतो.

हे वाचणाऱ्याला माझा नमस्कार. सूप पाठवा.

दोम्निका


पियात्रा न्यामत्स, ३० ऑगस्ट १९८७

प्रिय ताई,

तुझं टपालवाल्याचं पत्र पुष्कळ जणांना आवडलं. इतकं की घरी पाहुणे येऊन गेले. दोन दिवस होते. कपाटं, गाद्या, पिठाचा डबा, सगळं आवरून देऊन गेले. फार सभ्य माणसं.

आता आनंदाची बातमी. रेमुसला कारखान्यात पुन्हा इंजिनियरच्या जागेवर घेतलं आहे. आणि त्याचं लग्न ठरलं! मुलगी गेओर्गेता, लेखा विभागात आहे, स्वभावाने शांत. वसंतात लग्न. नव्या इमारतीत दोन खोल्या मिळणार आहेत. त्याच्या डोक्यातलं ते जुनं खूळ पार गेलं. तो स्वतःच म्हणतो, आपला देश सोडून माणसाने कुठे जायचं? आम्ही ते सगळं विसरलो, तूही विसर. आता काही काळजी न करता मोकळ्या मनाने सिनेमे बघ आणि मोकळ्या मनाने गुण दे.

तुझी
लिओन्तिना


ओर्शोवा, ४ ऑक्टोबर १९८७

माझ्या लाडक्या बहिणी,

तुझं पत्र मी उशीखाली ठेवून झोपते. रेमुसचं लग्न! वर्षभर छातीवर धोंडा घेऊन बसले होते, तो तू एका पानात उचललास. गेओर्गेताला सांग, सासू भूगोलात कच्ची असली तरी मुरंब्यात पक्की आहे. मी पडदे शिवायला घेतलेत, दोन खोल्यांचे. खिडक्यांची मापं कळव.

आणि आता ऐक. आज दुपारी मी असा सिनेमा बघितला की अजून हात थरथरतोय. ग्रीक, जुना, तीसेक वर्षांपूर्वीचा. एका बेटावर एक पाणबुड्या आणि त्याची बायको. तो समुद्रतळाचे स्पंज काढायला जातो. सकाळी जाताना तिच्याशी भांडतो, कशावरून, तर मिठावरून! आणि येत नाही. बास. एवढीच गोष्ट. पुढे ती बाई ओट्यावर बसून मसूर निवडते. खडे एका बाजूला, मसूर एका बाजूला. लोक येतात, काहीबाही बोलतात, जातात. ती मान वर करत नाही. त्याचा धुतलेला सदरा दोरीवर वाळतो, ती तो काढून घडी करते, मग घडी मोडून पुन्हा ओला करून दोरीवर घालते, म्हणजे तो वाळायचा राहील. लिओन्तिना, मी आयुष्यात एवढं खरं काही पाहिलेलं नाही. संगीत नाही, रडणं नाही. अंधारायला लागतं, ती ताटातला शेवटचा खडा उचलते, कुत्रं भुंकतं, ती मान वर करते, आणि

आणि आमची वीज गेली! चांगली दोन तास. पण मला शेवट बघायची गरजच वाटली नाही. मान वर करते आणि समोर रिकामा समुद्र असतो, दुसरं काय असणार? शितावरून भाताची परीक्षा.

दहा. आता कोणाची भीती नाही, म्हणून मनापासून देते. एकतीस वर्षं ज्या बाईने कोणाला दिले नाहीत तिने आज दिले. दहापैकी दहा!

दोम्निका


ओर्शोवा, १८ ऑक्टोबर १९८७

लिओन्तिना,

तुझं उत्तर नाही. लग्नाच्या गडबडीत असशील. मापं तेवढी कळव, कापड वाया जायला नको.

इथे आठ दिवस धुकं आहे. शुक्रवारी पहाटे नदीकडे फटाके वाजले, चार-पाच. कोणाचं तरी लग्न असेल. हल्ली वारंवार असतात. मी खिडकी लावून घेतली. अशा वेळी मी नेहमी त्या पोराच्या आईचा विचार करते आणि मनात म्हणते, देवा, आपला रेमुस तेवढा घरी आहे.

औषधवाल्याची मालिका संपली. सगळ्यांची लग्नं लावून टाकली. चार.

दोम्निका


पियात्रा न्यामत्स, २ नोव्हेंबर १९८७

ताई,

कोणाचं लग्न होतं?

रेमुस १४ तारखेला घरातून गेला. काल दोन साहेब आले. काठावर सापडलेली पिशवी दाखवली. त्यात बूट, शिधापत्रिका आणि तुझं ४ तारखेचं पत्र. मला विचारलं, हा सिनेमा काय आहे? मी म्हटलं, सिनेमा आहे.

तू धुकं बघून दहा दिले होतेस ना? एवढंच कळव. हो म्हण.

लिओन्तिना


ओर्शोवा, २० जानेवारी १९९०

लिओन्तिना,

तुझ्या शेवटच्या पत्राला मी सात उत्तरं लिहिली. चार परत आली, तीन आलीच नाहीत. आता म्हणतात पत्रं कोणी फोडत नाही, म्हणून हे आठवं उघडपणे लिहिते. फाडायचं असेल तर वाचून फाड.

नाही. मी धुकं बघून दहा दिले नव्हते. मी त्या दिवशी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मी सिनेमाला दिले.

रेमुसचं लग्न ठरलं हे मी खरं मानलं. ते पाहुण्यांना वाचायला लिहिलेलं होतं हे पोरासोरालाही कळलं असतं. पाहुणे आले होते तेही माझ्याच जिभेमुळे, त्या टपालवाल्याच्या विनोदामुळे. मी मास्तरीण, शब्दाशब्दाचा अर्थ विचारणारी, आणि मला एवढं कळू नये? मला ते खरं मानायला आवडलं, म्हणून मानलं. पडदे अर्धे शिवलेले तसेच पडून आहेत.

मलाही नेलं होतं तेव्हा. तीन दिवस एकच प्रश्न. दहाच का दिले? मी म्हणाले, सिनेमा चांगला होता. आयुष्यात त्यांच्यासमोर पहिल्यांदा खरं बोलले आणि तेच त्यांना खोटं वाटलं. टीव्ही घेऊन गेले. तेव्हापासून मी काही बघितलेलं नाही, आणि बघायची इच्छाही नाही.

सीमा उघडल्यावर मी कंबर पट्ट्याने आवळून शेजाऱ्याच्या गाडीतून पलीकडे गेले. काठाकाठाने चार गावांच्या स्मशानात विचारलं. चौथ्या गावात एक म्हातारा आहे, नदी जे आणून टाकते ते पुरणारा. त्याची वही आहे. त्यात सर्बियनमध्ये लिहिलंय, "१९ ऑक्टोबर १९८७. तरुण. निळा स्वेटर, हाताने विणलेला, बाह्या लांब." मला ती भाषा येते याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं. थडग्यावर नाव नाही, नुसता अकरा नंबरचा खांब आहे. त्याच्याजवळची थोडी माती या पाकिटात घातली आहे.

माफी मागत नाही. असल्या गोष्टीची माफी कोणी द्यायची नसते. फक्त ये. मी तुला तिथे घेऊन जाईन, मग माझं तोंड बघू नकोस हवं तर.

दोम्निका


पियात्रा न्यामत्स, १३ मे १९९०

ताई,

पत्र जानेवारीत आलं. उत्तर देणार नव्हते. माती खिडकीत ठेवली आहे.

आधी एक सांगते, ते फक्त मलाच माहीत आहे. लग्नाचं पत्र रेमुसनेच मला सांगून लिहून घेतलं. मी म्हटलं, अरे, मावशी खरं समजेल. तो म्हणाला, "छे गं! मावशी ओळींच्या मधलं वाचते. तिला कळेल." गेओर्गेता हे नावही त्यानेच काढलं, अशी मुलगी कुठे नव्हतीच. तुझं पत्र आलं तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा राहून वाचत होता. दहापैकी दहाशी आला तसा त्याने मला उचलून गरागरा फिरवलं. "आई, मावशीने दिले! काय अभिनय केलाय बघ तिने, हात थरथरतोय म्हणे!" तू खरंच थरथरत होतीस हे त्याला कळलं नाही. मलाही नाही. तेव्हा नुसती तूच चुकलीस असं म्हणू नकोस, आम्ही तिघं चुकलो.

आता आमच्या टीव्हीवरही दिवसभर सिनेमे असतात. आज रविवार. दुपारी मी मसूर निवडत बसले होते, आवाज कमी करून. सहज मान वर केली तर पडद्यावर एक बाई मसूर निवडत होती.

तोच होता. मीठ, सदरा, दोरी, सगळं तू लिहिलं होतंस तसंच. तुझं पत्र साहेबांकडे राहिलं, पण मला ते पाठ आहे. पुढे काय येणार ते मी दर वेळी आधीच म्हणत होते. शेवटचा खडा. कुत्रं भुंकलं. बाईने मान वर केली. मी विजेच्या दिव्याकडे पाहिलं. दिवा चालू होता.

ताई, पुढे अकरा मिनिटं आहेत. मी घड्याळावर मोजली.

तो येतो. पाणबुड्या. पायऱ्या चढून येतो, कोरडा ठणठणीत, केस विंचरलेले, सदऱ्याचं एकही बटण तुटलेलं नाही. दुसऱ्या बेटावर अडकला होता म्हणे. व्हायोलिनं वाजतात. ती रडते, तो हसतो, मग दोघं बसून जेवतात आणि तो म्हणतो, मीठ बरोबर आहे. शेजारीपाजारी टाळ्या वाजवतात. एवढा खोटा शेवट मी पाहिलेला नाही. तू असतीस तर पायातली चप्पल काढून टीव्हीला मारली असतीस. बुडालेला माणूस केस विंचरून येतो का, म्हणाली असतीस, आणि चार गुण खटकन कापले असतेस.

सहा दिले असतेस. त्या दिवशी तुमची वीज गेली नसती तर सहा आले असते, रेमुसने पत्र टेबलावर टाकलं असतं, मावशी भारी कडक म्हणाला असता आणि खोकी उचलायला गेला असता. आज तो तेहतीस वर्षांचा असता.

मी तुझ्याकडे येणार नाही. रागाने नाही. तिथे अकरा नंबरचा खांब आहे, आणि तो एकदा बघितला की मग मला दुसरं काही बघता येणार नाही. इथे तो पायऱ्या चढून येतो. मी पाहिला. चेहरा त्या ग्रीक माणसाचा होता, पण बाह्या लांब होत्या.

मी मास्तरीण नाही, भूगोलात सातवाली आहे. पण आज मीही गुण दिले, तेही शेवटालाच. दहापैकी दहा.

निवेदिकेने सांगितलं, लोकांनी मागणी केली तर पुन्हा दाखवतील. मी टीव्ही केंद्राला पत्र टाकलं आहे. तूही टाक.

लिओन्तिना